आठ नंबर दिसत नाही

प्रिय बर्निस,

आधी वर 'आदरणीय' लिहिलं होतं, मग तो कागद फाडला. इतक्या वर्षांत मी तुला एकदाही आदरणीय म्हटलेलं नाही, आणि आता एकदम म्हणायला लागलो तर तुला वाटायचं, वेंडेल होलबला काहीतरी हवंय. (तसं काही नाही. हे पत्र निव्वळ खुशालीचं आहे.) तर, तुझा गुडघा कसा आहे? टूसॉनचं ऊन त्याला मानवतंय का, की तिथेही तो पावसाची वर्दी देतो आणि पाऊस येतच नाही म्हणून खोटा पडतो? दारातला तो उंच निवडुंग, ज्याला तू आपल्या दुसऱ्या नवऱ्याचं नाव दिलं होतंस, अजून उभा आहे ना? मूळ माणसापेक्षा जास्त टिकला, याबद्दल त्याचं माझ्यातर्फे अभिनंदन कर.

इकडे सगळं ठीक. झाडांची पानं गळून संपली. मी ती गोळा केली नाहीत. वाऱ्यानं उचलून शेजारी ऑर्विल टटलच्या अंगणात नेऊन टाकली, म्हणजे तेही काम झालं. माझी तब्येत उत्तम आहे, निदान मी तरी डॉक्टरला तसंच सांगतो. जेवणाची काळजी करू नकोस. चर्चच्या बायका दर शुक्रवारी पिरोगी आणून देतात. बटाट्याच्या, कोबीच्या, चीजच्या सारणाचे. नाही म्हणायची माझी छाती होत नाही, त्यामुळे आता फ्रीज उघडला की आधी पिरोगी बाहेर येतात आणि मग दिवा लागतो.

तुझ्या बहिणीबद्दल, रोझालीबद्दल, पुढे लिहितो. आधी टीव्हीबद्दल लिहितो, कारण ते सोपं आहे.

तर आम्ही केबल काढून टाकली. 'आम्ही' म्हणजे मीच, पण जिभेला वळण पडलंय ते पडलंय. शुश्रूषाघराचं पहिलं बिल आलं त्या शनिवारी आमची मार्ला कोलंबसहून गाडी हाकत आली, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली, चष्मा लावला (बर्निस, माझ्या मुलीला आता वाचायला चष्मा लागतो, हे कधी झालं?) आणि घरात काय काय बंद करता येईल ते शोधायला लागली. दुसरी गाडी विकायची ठरली. वरच्या मजल्यावरचा हीटर बंद करायचा ठरला. मग ती म्हणाली, "डॅड, केबल कशाला हवी? शंभर चॅनेल आहेत आणि तुम्ही एकही बघत नाही." मी म्हटलं, मी नाही बघत, तुझी आई बघते. यावर ती चष्मा काढून पुसत बसली. मग मीच म्हटलं, ठीक आहे, काढू.

केबल लावायला एक फोन पुरतो. काढायला काय लागतं ते सांगतो. आधी एक यंत्र बोललं. त्याचा आवाज इतका मायाळू होता की मी त्याला दोनदा मॅडम म्हणालो आणि माझी हकीकत सांगायला लागलो. यंत्र म्हणालं, मला कळलं नाही, पुन्हा सांगा. (मला ते आवडलं. माणसं कळलं नाही तरी हो हो म्हणतात.) मग बरंच संगीत झालं. मग ट्रॅव्हिस नावाचा एक जण आला. सोडून जाणाऱ्यांना धरून ठेवणं हेच त्याचं काम होतं, आणि त्याच्या पहिल्या वाक्यापासून मला कळलं की हा दाराला पाठ लावून उभा आहे. मी कुठे चुकलो, सर, असं त्यानं मला विचारलं. तू कुठेच चुकला नाहीस, आपली आत्ताच ओळख झाली, असं मी म्हटलं. मग त्यानं खातं उघडलं आणि गाडी रुळावरून उतरली, कारण खातं रोझालीच्या नावावर निघालं.

"मला मिसेस होलब यांच्याशीच बोलावं लागेल, सर. तसा नियम आहे."

"ती बोलू शकत नाही."

"काही हरकत नाही, सर. मग केव्हा बोलू शकतील?"

"तेच मी डॉक्टरला विचारतोय, पोरा. तुला कळलं तर मलाही सांग."

बराच वेळ नुसता टाइप केल्याचा आवाज. बहुधा त्याच्यापुढच्या कागदावर या उत्तरासाठी रकाना नव्हता. मग तो म्हणाला, ऐकून फार वाईट वाटलं, आणि लगेच, तितक्याच वाईट वाटणाऱ्या आवाजात, मिसेस होलब बऱ्या होईपर्यंत कुस्ती आणि गोल्फची सगळी चॅनेल फुकट घ्या म्हणून सांगायला लागला. मला त्याचा राग आला नाही. कामच तसं. शेवटी त्यानं कुणाला तरी विचारलं, काहीतरी दाबलं, आणि आमचं नाव यादीतून निघालं. फोन ठेवताना 'आणखी काही मदत करू शकतो का' हेही त्याला विचारावंच लागलं, पण उत्तर ऐकायच्या आत तो स्वतःच 'सॉरी' म्हणाला. तेवढं एकच वाक्य कागदावरचं नव्हतं असं मला वाटतं.

आता अँटेना. मार्लानं तो टपालानं पाठवला. अँटेना म्हटल्यावर तुझ्यामाझ्या डोळ्यांपुढे जे येतं, तसलं त्यात काही नाही. पातळ, चौकोनी, एका बाजूनं काळं, दुसऱ्या बाजूनं पांढरं, पुसता येईल असं प्लास्टिक. सोबतची चिठ्ठी खोक्याच्या तळाशी राहिली. मला वाटलं, आई घरात नाही तर डॅडच्या टेबलाची आबाळ होऊ नये म्हणून पोरीनं ताटाखाली घालायची चटई पाठवलीय. बर्निस, मी त्या अँटेनावर अंडी खाल्ली. एकदा नाही, चांगला आठवडाभर. चटईला एका बाजूनं वायर कशाला असा प्रश्न मला पडला होता, पण हल्ली काय काय निघतं, गरम राहणारी असेल, असं समजून मी ती गुंडाळून साखरेच्या डब्याखाली दाबून ठेवत होतो. मार्लानं फोनवर विचारलं, "लागला का?" मी म्हटलं, फार छान लागतो, पुसायलाही सोपा आहे. आयुष्यभर रेल्वेच्या डब्यांचे ब्रेक दुरुस्त केलेल्या माणसाची ही गत.

तर मार्लानं खुलासा केल्यावर चटई धुऊन, पुसून खिडकीच्या काचेला चिकटवली, वायर टीव्हीच्या पाठीत खुपसली आणि 'चॅनेल शोधा' हे बटण दाबलं. आणि खरं सांगू का, मला आनंद झाला. फुकट! हवेतून! आपल्या डोक्यावरून इतकी वर्षं हे सगळं वाहत होतं आणि आपण त्याचे पैसे भरत होतो. एकावर अखंड कढया विकतात. एकावर जुने घोडेस्वार एकमेकांना गोळ्या घालतात. एकावर एक पाद्री आहे, तो माझं नाव माहीत असल्यासारखा थेट माझ्याकडे बोट दाखवतो. एकावर नुसतं हवामान, तेही आमच्याच जिल्ह्याचं, म्हणजे जे खिडकीतून दिसतं ते टीव्हीत बघायची सोय. सगळं आलं. सात आलं, नऊ आलं. आठ नाही.

आठ नंबरवर काय असतं ते तुला सांगायला नको. 'क्लोव्हर बे'. तुम्ही दोघी बहिणींनी लग्नाआधीपासून धरलेली ती दुपारची मालिका, जिच्यात समुद्राकाठच्या एका गावातले सगळे लोक आळीपाळीनं एकमेकांशी लग्न करतात आणि मग स्मरणशक्ती घालवून बसतात. तू ॲरिझोनात गेलीस तेव्हापासून ती आमच्याकडे आधी लागते आणि तुमच्याकडे नंतर. तेवढा वेळ रोझालीच्या पोटात काही राहायचं नाही. तुझं पाहून होईपर्यंत तुला न सांगण्याची तर शपथ, म्हणून ती मला सांगायची. मी गॅरेजमध्ये असलो तर गॅरेजमध्ये येऊन, न्हाणीघरात असलो तर दाराबाहेर उभी राहून. मग तुझा फोन यायचा आणि तुम्ही दोघी जणू सख्ख्या नात्यातलं कुणी पळून गेल्यासारख्या तासभर बोलायच्या. या उन्हाळ्यापर्यंत मी एकही भाग डोळ्यांनी पाहिला नव्हता, पण त्या गावातल्या प्रत्येक माणसाचा प्रत्येक घटस्फोट मला पाठ आहे.

मग आठ नंबर नाही दिसला तर माझं काय अडलं, असं तू म्हणशील. इथे मला रोझालीबद्दल लिहावं लागतंय, तेव्हा लिहितो.

ती दिसायला बरी आहे. केस नर्स कोलीन विंचरून देते. त्या झटक्यापासून उजवा हात अजून झोपलेलाच आहे. टीव्ही तिला सोसत नाही; चित्रं भराभर हलली की ती घाबरते आणि तोंड फिरवते. डॉक्टर म्हणतात, दिसतं सगळं, पण दिसलेल्याची मोट बांधता येत नाही. ऐकलेलं मात्र कळतं. आणि बोलण्यापुरता तिच्याजवळ तोच एक शब्द उरलाय, तुला माहीत आहे तो. मंगळवार. तहान लागली तरी मंगळवार, नको असलं तरी मंगळवार. डॉक्टरांच्या मते त्याला काही अर्थ नाही, बाकीचे शब्द वाहून गेले आणि हा एक काठाला अडकला. डॉक्टरांना घाई असते. मी रोज दुपारी तिथे असतो आणि मला आता ते मंगळवार वेगवेगळे ऐकू येतात. आखूड म्हणजे हो. लांबवलेला म्हणजे उशी सरकव. एकापाठोपाठ दोन म्हणजे वेंडेल, पुरे कर. आणि एक मंगळवार आहे, तो ती फक्त मी निघताना म्हणते; त्याचा अर्थ मी तुला लिहीत नाही.

उन्हाळ्यात, केबल होती तेव्हाची गोष्ट. तिच्याशी काय बोलावं ते मला सुचेना. हवामान संपलं, पिरोगी संपले, ऑर्विल संपला. ती छताकडे बघत पडायची. एके दिवशी घरातून निघताना टीव्ही चालू राहिला होता, आठ नंबरवर, म्हणून सहज म्हटलं, तुझ्या त्या सेलेस्टनं आज डॉक्टर ग्रँटच्या थोबाडीत मारली बरं का. बर्निस, ती वळली. मान, खांदा, सगळी वळली. मंगळवार? म्हणाली. विचारून म्हणाली. का मारली, असं विचारलं तिनं. मला काय माहीत का मारली! मी जाता जाता पाहिलेलं. दुसऱ्या दिवसापासून मी कागद-पेन्सिल घेऊन टीव्हीपुढे बसायला लागलो. आणि ऐन रंगात आलेली असताना, बुडून मेलेली सेलेस्टची जुळी बहीण किनाऱ्यावर चालत आलेली असताना, मी केबल काढली. कशासाठी? तर चटईवर फुकट दिसेल म्हणून. मोजून सगळी चॅनेल फुकट मिळाली, हवं ते सोडून.

मग मी ऑर्विलला बोलावलं. तुला ऑर्विल आठवत असेल. मार्लाच्या लग्नात पोल्का नाचता नाचता केकच्या टेबलावर बसला तोच. आयुष्यभर विमा विकला, पण विजेच्या विषयात त्याच्याइतका अधिकारी माणूस या जिल्ह्यात नाही असं त्याचं स्वतःचं मत आहे. अंगणात उभं राहून त्यानं बोट ओलं करून वर धरलं (का, ते विचारू नकोस) आणि निदान केलं की आठ नंबरचा मनोरा टेकडीपलीकडे आहे, लाटा टेकडीला अडतात, तेव्हा अँटेनाला उंची हवी आणि पाठीमागे धातू हवा. मग आम्ही दोन म्हातारे ती चटई घेऊन घरभर फिरलो. पडद्याच्या दांडीवर लावली. फ्रीजवर लावली. काचेच्या कपाटावर, येशूच्या तसबिरीमागे, न्हाणीघराच्या आरशावर लावली. धातू म्हणून थँक्सगिव्हिंगला टर्की भाजायची ती मोठी परात पाठीशी उभी केली. रोझालीनं तिच्या परातीचं हे पाहिलं असतं तर तिला बाकीचे सगळे शब्द एका झटक्यात परत आले असते.

आणि आठ नंबर आला! मी चटई हातात धरून, हात डोक्यावर ताणून, काचेच्या कपाटाला खेटून भिंतीकडे तोंड करून उभा होतो, आणि मागून संगीत ऐकू आलं. हात खाली केला, गेलं. वर केला, आलं. चटई तिथेच खिळ्याला अडकवली आणि बाजूला झालो, गेलं. "तुझं अंग लागतं त्याला," ऑर्विल म्हणाला. "तुझ्या अंगात पाणी आहे. हलू नकोस, वेंडेल, जुळी बहीण आलीय." असा मी तो भाग पाहिला, म्हणजे पाहिला नाही, कारण टीव्ही माझ्या पाठीमागे. ऑर्विल माझ्या खुर्चीत बसून, माझे पिरोगी खात, मला चेहरे सांगत होता. "आता ती रडतेय. नाही, हसतेय. थांब, ही ती नाहीच, ही दुसरी. दोघी सारख्याच दिसतात रे."

"जुळ्या आहेत त्या, ऑर्विल!"

"मग आधी नाही का सांगायचं!"

आणि डॉक्टर ग्रँट सेलेस्टच्या मुलाच्या बापाचं नाव सांगायला तोंड उघडतो न उघडतो, तोच रस्त्यानं कोळशाचा ट्रक गेला आणि चित्र थिजलं. डॉक्टरचं तोंड उघडं, चेहऱ्याचे चौकोन चौकोन झालेले, आणि आवाज नाही. ट्रक गेला, चित्र आलं, तोवर सगळे जण रडत होते आणि साबणाची जाहिरात लागली.

त्या दुपारी मी शुश्रूषाघरात रिकाम्या हातानं गेलो. ती वाटच बघत होती. मंगळवार? मी बसलो, टोपी काढली, आणि बर्निस, मी थाप मारली. मुलाचा बाप धरणावरचा इंजिनियर आहे म्हणून सांगितलं. त्या गावात धरण नाही, हे मला नंतर आठवलं. पण एकदा धरण बांधल्यावर ते मोडता येईना. दुसऱ्या दिवशी हात दुखत होता म्हणून मी उभाच राहिलो नाही, सरळ मनानंच सांगितलं. तिसऱ्या दिवशीही. आठवडा संपेपर्यंत डॉक्टर ग्रँटनं दवाखाना बंद करून रेल्वेच्या कारखान्यात नोकरी धरली होती, कारण मला तेवढंच माहीत आहे. तो ब्रेकचे पट्टे कसे बदलायला शिकला हे मी तिला अगदी नीट समजावून सांगितलं. ती माझ्याकडे टक लावून बघत होती. मग तिच्या तोंडाची चांगली बाजू हलली. आधी मला वाटलं तिला काहीतरी होतंय, मी घंटा वाजवणार होतो. ती हसत होती. आवाज न करता, खांदे हलवत, अर्ध्या तोंडानं हसत होती, आणि मला म्हणाली, मंगळवार. एकच, आखूडही नाही आणि लांबही नाही. हा नवीन होता. पण मला कळला. लबाडा, असा त्याचा अर्थ.

मीही हसलो. मग तिचं हसणं थांबलं आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते मात्र दोन्ही बाजूंनी आलं. मी रुमाल शोधत राहिलो.

त्या खोलीत दुसऱ्या खाटेवर मिसेस वुकोविच असते. तिचा टीव्ही सकाळपासून प्रश्नमंजुषेवर, आवाज चर्चच्या ऑर्गनइतका. बऱ्याच वेळा विनंती केली, तिनं ऐकलं नाही. ऐकूच येत नसेल असं मी समजत होतो. धरणाच्या दुसऱ्या दिवशी मी आत गेलो तर टीव्ही बंद आणि ती उशीला टेकून बसलेली. म्हणाली, "हं, सांगा. इंजिनियरनं कबूल केलं का?" मी गोंधळलो. पुढच्या दिवशी तिनं मला अडवलं, "होलब, तो म्हातारा ॲडमिरल परवाच मेला म्हणालात ना? आज तो जेवायला कसा आला?" मी म्हटलं, क्लोव्हर बेमध्ये असं होतं. ती म्हणाली, "होतं खरं, पण कारण देतात." तेव्हापासून मी घरून तयारी करून जातो.

असं आमचं चाललंय. चटई सध्या पुन्हा जेवणाच्या टेबलावर आहे. त्या कामाला ती उत्तम आहे. केबल गेल्याचं मला दुःख नाही. संध्याकाळी मी हवामान लावून ठेवतो, आवाज बंद करून. खोलीत काहीतरी हलत असलं म्हणजे बरं वाटतं. तू स्वतःला जप, गुडघ्याला शेक दे, आणि इतक्या लांबून आमची काळजी करत बसू नकोस.

तुझ्या बहिणीचा नवरा, अजून तरी धडधाकट,
वेंडेल

ता. क. मार्ला विचारते, नाताळला येणार का. वरचा मजला थंड आहे, पण तुला खाली माझी खोली देईन आणि मी कोचावर झोपेन. ऑर्विल नाचणार नाही, असं त्याच्याकडून कबूल करून घेतलंय.

आणखी एक ता. क. वर लिहिलं की हे पत्र निव्वळ खुशालीचं आहे. एक बारीकसं काम होतं, ते राहिलं. मला आठ नंबर दिसत नाही, तुझ्याकडे 'क्लोव्हर बे' दिसते. तेव्हा तुझं पाहून झालं की रोझालीच्या खोलीत फोन करून आज काय झालं ते सांगत जाशील का? मला नको, तिलाच सांग. खाटेशेजारी फोन आहे, नंबर मागच्या बाजूला लिहिलाय. माझ्या थापांना आता मिसेस वुकोविचसुद्धा कंटाळली आहे.

पाकीट चिकटवलं होतं, ते पुन्हा उघडलं. बर्निस, आठ नंबर दिसतो. गेल्या आठवड्यात ऑर्विलनं आपल्या गॅरेजमधून जुन्या काळचा दोन दांड्यांचा अँटेना शोधून आणला, टीव्हीवर ठेवला, आणि हात न लावता आठ नंबर लख्ख आला. तेव्हापासून मी रोज भाग पाहतो आणि रोज तिला खरा खरा सांगतो, धरणाशिवाय. ती ऐकते. पण माझं सांगून झालं की ती फोनकडे बघायला लागते. तुझं पाहून व्हायची वेळ तिला बरोबर कळते, घड्याळ न बघता. मी सांगितलेली नुसती बातमी असते. तू सांगितल्याशिवाय तो भाग झाला असं तिला वाटत नाही.

जुलैमध्ये तू फोन केलास, तिनं मंगळवार, मंगळवार सुरू केलं, आणि तू रडत फोन ठेवलास. त्यानंतर केला नाहीस. त्याबद्दल मी एक अक्षरही बोलणार नाही. मी तो शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा खाली जाऊन गाडीत बसलो होतो आणि किल्ली कुठे लावतात ते मला आठवेना. हे प्रत्यक्ष फोनवर तुला सांगणं मला जमलं नसतं, म्हणून हा एवढा टीव्हीचा पसारा लिहिला. ती उत्तर देणार नाही, बर्निस. तोच शब्द म्हणेल, किंवा तोही नाही. तुला वाटेल, पलीकडे कुणी नाही. तरी तू बोलत राहा. कारण त्या दिवशी तू फोन ठेवल्यावर इथे काय झालं ते तुला माहीत नाही. तिनं रिसीव्हर कानाचा काढलाच नाही. कोलीन घ्यायला आली, तिला देईना. मी हात पुढे केला, मलाही देईना. डाव्या हातात घट्ट धरून, आतला तो रिकामा आवाज ऐकत, रात्रीच्या जेवणाचा ट्रे येईपर्यंत ती तुझी वाट बघत होती.